श्वास घ्या, धरा

१

दिवेलागणीच्या आधी आबा, म्हणजे माझे वडील, बनियनवर येऊन स्टुलावर बसायचे, माझ्याकडं पाठ करून. दोन्ही हात छातीवरून उलटे घ्यायचे, उजवा तळवा डाव्या खांद्यावर आणि डावा उजव्यावर. असं केलं की खवाटे, खांद्यामागची ती चपटी हाडं, बाजूला सरकतात आणि मधली जागा ठोकून बघायला मोकळी होते. हे मी त्यांना एकदाच शिकवलं होतं. पुढं रोज आपणच हातांची घडी घालून म्हणायचे, "ठोका, डॉक्टर."

डॉक्टर म्हणे! किर्गिझस्तानातून पदवी घेऊन आले खरी, पण इथली एक परीक्षा पास झाल्याशिवाय मला साधी तापाची गोळीसुद्धा चिठ्ठीवर लिहिता येत नाही. आणि ती परीक्षा मी दोनदा नापास झालेली. उद्यमनगरात आमची गल्ली मला डॉक्टरच म्हणते, त्यातले निम्मे प्रेमानं आणि निम्मे टोमणा म्हणून. कोण कसं म्हणतंय हे मला आवाजावरून कळतं.

त्या परीक्षेत कुणाची पाठ ठोकावी लागत नाही. सगळं कॉम्प्युटरवर, चार पर्यायांतला एक निवडायचा. तरी मी रोज आबांना ठोकायची, कारण त्यांना ते आवडायचं. जन्मभर फौंड्रीत काम केलेला माणूस. ओतीव काम थंड झालं की टांगायचं, हातोडीनं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर पास, भद्द वाजलं तर आत कुठंतरी तडा. "तुमचं नि आमचं काम एकच की," म्हणायचे.

त्याच फौंड्रीची बारीक वाळू त्यांच्या फुफ्फुसात बसली होती. जिना चढला की दम लागायचा, रात्रभर खोकायचे. डाव्या बरगडीखाली एकदा पाणी झालं होतं, ते सुईनं काढलं. तिथं तळहाताएवढा भाग कायमचा भद्द वाजायचा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे आता मागं फिरत नाही, फक्त किती लांबवता येतं ते बघायचं. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. मी परदेशी गेले त्याच वर्षी त्यांनी माझ्या नावाचा बोर्ड रंगवून घेतला होता, डॉ. संयोगिता सयाजी खोत. तो चादरीत गुंडाळून कपाटामागं उभा होता. तो दारावर लागलेला त्यांना बघायचा होता, बाकी काही नाही. मला तर दुसरं काही सुचतच नव्हतं. मी पास व्हायच्या आत आबा गेले तर त्या पदवीचं करायचं काय?

माझी एक खोड मात्र जाता जात नव्हती. फुफ्फुस किती खाली सरकतं ते बघायला पेशंटला म्हणायचं असतं, श्वास घ्या, धरा. मग ठोकत खाली यायचं, पोकळ आवाज जिथं संपतो तिथं खूण करायची आणि म्हणायचं, सोडा. मी हे शेवटचं विसरायची. तिकडच्या म्हाताऱ्या मॅडमनी यावरून माझे गुण कापले होते. म्हणाल्या होत्या, तुझा पेशंट तुझ्या हुकमाची वाट बघत बसलाय आणि तू खुणा करतेयस. आबा तर मुद्दाम धरून बसायचे, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. मग फुस्सकन सोडून म्हणायचे, "अगं सोडा म्हण की! जीव घेतीस काय बापाचा?" आणि आम्ही दोघंही हसायचो.

२

दिवसभर मी राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसायची. घरी अभ्यास होत नव्हता. आक्का, म्हणजे माझी आई, दर तासाला काहीतरी खायला आणून ठेवायची आणि तोंडाकडं बघत उभी राहायची. अभ्यासिका धैर्यशीलची. त्यानं सरकारी नोकरीच्या परीक्षा देत ऐन उमेद घालवली आणि शेवटी ज्या अभ्यासिकेत बसायचा तीच चालवायला घेतली. बोलायला फटकळ, पण वाईट नाही.

माझी जागा सगळ्यात टोकाला होती. समोर टेबल, दोन्ही बाजूंना आडोसा आणि पाठीमागं प्लायवूडची भिंत. त्या प्लायच्या मागं रस्त्याकडची खरी भिंत. दोन्हींच्या मध्ये वीतभर फट ठेवली होती, रिक्षांचा कलकलाट आत येऊ नये म्हणून. मी खुर्चीला पाठ टेकली की डोकं त्या प्लायला लागायचं.

डॉक्टरकी शिकणाऱ्यांची बोटं गप्प बसत नाहीत. डाव्या हाताचं मधलं बोट सपाट ठेवायचं, उजव्याच्या मधल्या बोटानं त्यावर ठोका. जेवणाचं ताट, फ्रीजचं दार, बसची सीट, सगळं ठोकून होतं. एके दुपारी व्हिडिओ लेक्चर ऐकून कान शिणले म्हणून मी खुर्ची फिरवली आणि ती प्लाय ठोकायला लागले. पोकळ, पोकळ, पोकळ. मग एकदम भद्द.

मागं लाकडाची पट्टी असणार, म्हटलं. प्लाय कशावर तरी ठोकावीच लागते. पट्टी सरळ उभी असते हेही मला माहीत होतं, पण ही जागा पट्टीसारखी नव्हती. वर रुंद, खाली निमुळती, आणि थोडी तिरकी. हातभर पलीकडं तशीच दुसरी होती, उलट बाजूला तिरकी.

धैर्यशील मागं येऊन उभा होता. "काय म्याडम, भिंतीला ताप आलाय व्हय?"

मी ओशाळून खुर्ची फिरवून घेतली आणि लेक्चर परत लावलं.

३

चाळा लागला तो लागलाच. लेक्चर संपलं की मी पाच मिनिटं भिंतीकडं वळायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची, जशा पाठीवर करतात तशा. आठवड्याभरात त्या खुणा जुळत आल्या. दोन तिरक्या जागा, त्यांच्या मधून खाली जाणारी एक अरुंद भद्द रेघ, दोन्हीकडं पोकळ, आणि खाली दोन्हीकडं जवळजवळ एकाच उंचीवर पोकळ आवाज संपत होता. जवळजवळ, कारण डावीकडं तो वरच संपत होता. तिथं तळहाताएवढा भाग भद्द वाजत होता.

हे मी ओळखलं तेव्हा मला आधी हसूच आलं. रोज एकच पाठ ठोकली की डोकं दुसरं काय दाखवणार? कान थकलेले, बोटं सवयीची, परीक्षा दीड महिन्यावर. आपणच एका ठिकाणी जोरात मारतो आणि एका ठिकाणी हळू, म्हणून आवाज बदलतो. वर्गात हे शंभर वेळा ऐकलेलं. मी डोळे मिटून ठोकलं, डाव्या हातानं ठोकलं, स्केलनं ठोकलं. पाठ तशीच राहिली. कुणीतरी पलीकडून प्लायला पाठ लावून, हातांची घडी घालून बसल्यावर जशी लागावी तशी. पण वीतभर फटीत कोण बसणार?

चार्जरच्या वायरीसाठी प्लायला एक भोक होतं. मी मोबाइलची बॅटरी लावून त्यातून बघितलं. धूळ, कबुतराची दोन पिसं आणि समोर खरी भिंत, विटांवर चुना लावलेली. बाकी काही नाही. मग धैर्यशीलला विचारलं, मागं कधी काही भरलं होतं का, पोतं, गादी, कापूस असलं काही? तो म्हणाला, "काय बी न्हाय. उंदीर सुदिक शिरायला लाजंल तिथं." वर हेही म्हणाला की जागा बदलून पाहिजे असली तर देतो, पण मग पंख्याखाली मिळणार नाही.

मी जागा बदलली नाही. खरं सांगायचं तर मला तिथं बरं वाटत होतं. पाठीला पाठ लावून आबा बसलेत असं समजून वाचलं की वाचलेलं डोक्यात राहत होतं. सराव परीक्षेत मी पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेले होते.

४

त्या दिवशी दुपारी फुफ्फुसांचाच धडा होता. अभ्यासिका अर्धी रिकामी होती, बाकीचे जेवायला गेलेले. आदल्या रात्री आबा इतके खोकले होते की आक्कानं त्यांना उशांचा ढीग करून बसवून ठेवलं होतं. मी डबा न उघडता भिंतीकडं वळले आणि ठोकत खाली आले. पोकळ आवाज नेहमीच्या खुणेवर संपला. तिथं बोट तसंच ठेवून मी सवयीनं म्हणाले, "श्वास घ्या. धरा."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की आपण भिंतीला म्हणालो. आसपास कुणी ऐकलं का बघितलं. मग बोट तिथंच होतं म्हणून एक ठोका मारला.

पोकळ.

मघाशी जिथं भद्द होतं तिथं पोकळ वाजत होतं. मी बोट खाली सरकवलं. निरोगी माणसात ही सीमा चांगली तीन-चार बोटं खाली जाते. आबांची फुफ्फुसं दगडासारखी झालेली, त्यांची कशीबशी एक बोट सरकायची. इथं एक बोट सरकली होती. डावीकडं, जिथं पाणी झालं होतं तिथं, मुळीच सरकली नव्हती.

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला हॉर्न मारत होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. पंखा फिरत होता. मी तळवा प्लायला लावला. ती गार नव्हती. आणि ती ताणलेली होती, आतून कुणीतरी पाठ फुगवून वाट बघावी तशी.

मी दप्तर घेतलं, चप्पल हातात घेतली आणि जिना उतरले. डबा, पुस्तकं, चार्जर सगळं तिथंच राहिलं. धैर्यशील मागून काहीतरी म्हणत होता, मी थांबले नाही.

५

घरी आले तर आबा दारातच. हातात गॅसची भरलेली टाकी. खालून वर, एकट्यानं आणलेली. मी ओरडलेच त्यांच्यावर. त्यांनी टाकी ठेवली आणि म्हणाले, "दम न्हाय लागला गं. दुपारपासनं लई हलकं वाटतंय बघ."

त्या रात्री ते खोकले नाहीत. दुसऱ्याही रात्री नाही. आक्कानं नृसिंहवाडीच्या दत्ताला नवस बोललेला होता, तो फळला म्हणून ती गल्लीभर सांगत सुटली. मला मात्र ती दोन दिवसांनी स्वयंपाकघरात बारीक आवाजात म्हणाली की तिला झोप लागत नाही. इतक्या वर्षांचा तो खोकला, तो नसला की घरात कुणीच नाही असं वाटतं. आणि आणखी एक सांगितलं.

"चहा फुंकत न्हाईत गं हे आता. बशीत वतत्यात नि कडकडीत तसाच पित्यात."

मी त्या संध्याकाळी लक्ष ठेवलं. आबा बशीत चहा ओतल्यावर तीनदा फुंकर मारायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. आज त्यांनी बशी तोंडाशी नेली, ओठांचा चंबू केला, थोडा वेळ तसेच थांबले आणि चहा पिऊन टाकला. बशीतली वाफ सरळ वर जात होती.

मग ते स्टुलावर बसले. "ठोका, डॉक्टर."

पाठ पोकळ वाजली. खवाट्यांवर, मणक्यावर, खाली कमरेपर्यंत सगळीकडं एकच आवाज. डावीकडचा तो तळहाताएवढा भागही पोकळ. हा आवाज मला चांगला ओळखीचा होता, रोज दुपारी ऐकत होते. मी कानाला नळी लावली. श्वास ऐकू येत होता, पण शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं इतक्या लांबून.

दुसऱ्या दिवशी त्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नळी लावली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला, नवीन एक्सरे जुन्याशेजारी धरला आणि खूश झाले. म्हणाले, क्वचित होतं असं, सुधारतो माणूस. मी म्हटलं, पाठ ठोकून बघा ना. ते हसले. हल्ली कोण ठोकतंय, म्हणाले, तू परीक्षा होईपर्यंत जरा झोप घे.

घरी येऊन मी मोरीत तोंडावर पाणी मारत उभी राहिले तेव्हा मला आठवलं. सोडा म्हणायचं राहिलं होतं.

लगेच जाऊन म्हणायला पाहिजे होतं. मी चपलासुद्धा घातल्या. पण आबा जिन्यात भेटले, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत येत होते, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी लहान होते तेव्हाचे आबा दिसले. म्हणाले, "आता बोर्ड लावल्याबिगर मी काय हालत न्हाय." सोडा म्हटल्यावर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. खोकला परत येईल, की नुसता खोकलाच नाही? मी चपला काढल्या. परीक्षा झाली की म्हणू, असं मनाशी ठरवलं.

६

अभ्यासिकेत मी परत गेले. आबांनीच माझं राहिलेलं सामान आणायचा धोशा लावला होता आणि त्यांना एकट्यांना तिथं पाठवायची माझी छाती नव्हती. मग तिथंच बसत राहिले, पण खुर्ची पुढं ओढून. भिंतीला पाठ लावली नाही, बोट लावलं नाही. अभ्यास असा झाला की माझा मलाच विश्वास बसेना. जनावरासारखा केला. पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आले.

मी पास झाले.

आक्का रडली. गल्लीनं हार आणले, आणि टोमणा मारून डॉक्टर म्हणणारे सगळ्यात पुढं. धैर्यशील पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला की आता त्या टोकाच्या जागेला मागणी येणार. बोर्ड आबांनी स्वतः लावला. स्टुलावर चढून चारी खिळे ठोकले, एकदाही न थांबता. मी खाली स्टूल धरून उभी होते. स्टुलाचा एक पाय ढिला, कुणीही चढलं की करकरतं. आबा चढले, उतरले, परत चढले. ते करकरलं नाही.

पाहुणे गेल्यावर ते आत येऊन बसले. बनियनवर, पाठ करून, हातांची घडी घालून. ठोका म्हणाले नाहीत. मी मागं उभी राहिले. दोन ठोके मारले आणि आवाज चढवून म्हटलं, चांगलं वाजतंय आबा, एकदम फर्स्ट क्लास.

"संयू," ते म्हणाले, "जन्मभर वाजवूनच पास-नापास केलंय मी. माझा आवाज मला कळत न्हाय व्हय?"

मग त्यांनी मान थोडी वळवली. कानाच्या पाळ्या लाल होत्या. इतका वेळ मला ते दिसलंच नव्हतं.

"लई येळ धरलाय गं. बोर्ड बगितला. आता म्हण की."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासिकेत गेले. टोकाची जागा अजून रिकामी होती. धैर्यशीलनं विचारलं, पास झालेल्या बाईचं इथं काय काम? मी म्हटलं, पुस्तक राहिलंय. त्यानं खांदे उडवले आणि झाडू मारायला गेला.

पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या. मी ठोकलं. भद्द. सगळीकडं भद्द, वरपासून खालपर्यंत, फक्त खवाट्यांच्या मध्ये दोन पोकळ जागा, आणि त्यांची सीमा जिथं मी सोडून गेले होते तिथंच, एक बोट खाली. मी तळवा टेकवला. ऊब होती. इतक्या आठवड्यांनंतरही ती प्लाय ताणलेलीच होती, आणि आता ती अगदी बारीक थरथरत होती.

वाकून भोकातून बघितलं. बॅटरी लावावी लागली नाही, फटीत वरून उजेड येत होता. विटा दिसल्या नाहीत. भोकासमोर अगदी जवळ बनियनचं पांढरं विणकाम होतं, आणि त्यावर खालच्या बाजूला आक्कानं घातलेला टाका, निळ्या दोऱ्यानं, पांढरा संपला होता म्हणून. त्याच्या वर, खांद्यावर, पुढून उलट्या घेतलेल्या हाताची चार बोटं. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली होती.

मी म्हणायला तोंड उघडलं. शपथ सांगते, उघडलं. एकच शब्द होता. मला डॉक्टर म्हणून पहिल्यांदा तो म्हणायचा होता आणि तो माझ्या बापासाठी होता. पण मला आबा पाहिजेत. मी कुणाशी खोटं बोलत नाही, मला ते तसलेसुद्धा चालतात, न फुंकणारे, पोकळ वाजणारे, पण घरात असलेले. मी तोंड मिटलं आणि धैर्यशीलला सांगितलं की ही जागा मीच ठेवणार आहे, कुणाला देऊ नकोस.

आता मी इंटर्नशिप करते. पाठ ठोकायची वेळ आली की मी पेशंटला श्वास धरायला सांगतच नाही. सर रागावतात, मी ऐकून घेते. दुपारी वेळ मिळाला की राजारामपुरीत जाते आणि भिंतीजवळ बसते.

संध्याकाळी आबा स्टुलावर बसतात. आक्का आत भांडी घासते, जरा जोरातच, मी काय म्हणते ते ऐकू येऊ नये म्हणून. त्यांच्या कानांचा रंग आता मानेपर्यंत उतरलाय. ते आता बोलतही नाहीत, बोलण्याएवढाही श्वास आता सुटत नाही. फक्त मान वळवून बघतात.

"उद्या, आबा," मी म्हणते. "उद्या नक्की म्हणते."

ते मान हलवतात, हातांची घडी सोडतात आणि उठून दिवा लावायला जातात. स्टूल करकरत नाही.